तळमजल्यावर थोडंच ठेवा : एका पिग्मीवालीचा मोबाइल-हिशेब

गेली २६ वर्षं मी सांगलीत पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, दारोदार फिरून गोळा करते. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक आणि संध्याकाळी विश्रामबागेतली घरं, हा माझा फेरा. आधी हातात पावतीपुस्तक असायचं, मग पावती छापणारं मशीन आलं. दुकानदार रोजचे पन्नास, शंभर, दोनशे देतात आणि हल्ली पैशांच्या मागोमाग स्वतःचा मोबाइलही पुढे करतात. "वहिनी, हा मेसेज खरा का ओ?" "वहिनी, हे केवायसीचं आपल्याच बँकेचं आलंय न्हवं?" पिग्मीवर मला कमिशन मिळतं, या कामावर काही मिळत नाही. तरी फेरा लांबला तर लांबू दे म्हणून मी फोन हातात घेते, कारण मी स्वतः ३८,४०० रुपयांना फसलेली आहे.

पुण्याहून लेकीनं माझा चष्मा कुरिअरनं पाठवला होता. दोन दिवस 'पत्ता अपूर्ण' दाखवत होतं. मी गूगलवर त्या कंपनीचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर जो दिसला त्यावर फोन लावला. तिकडचा माणूस इतका गोड बोलला की मीच त्याला दोनदा 'थँक यू' म्हटलं. पत्ता दुरुस्त करायला फक्त ५ रुपये भरायचे होते. त्यानं व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. ती उघडताना फोननं विचारलं, इन्स्टॉल करू? मी 'हो' दाबलं. एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी देऊ? पुन्हा 'हो'. मग बँकेचं नाव असलेलं एक पान आलं, त्यावर मी यूपीआय पिन टाकला. पेमेंट फेल झालं असं दिसलं. तो म्हणाला, "मॅडम, सर्व्हर डाउन आहे, उद्या करू."

खरं काय झालं ते मला नंतर सायबरच्या हवालदारांनी समजावलं. ती फाइल म्हणजे एपीके, प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं ॲप. एसएमएसची किल्ली मिळाल्यावर त्यांनी माझ्या नंबरावरून नोंदणीचा मेसेज पाठवून माझं यूपीआय त्यांच्या फोनवर चालू केलं. पिन मी स्वतःच्या हातानं दिलेलाच होता. रात्री सव्वादहाला सहज बॅलन्स बघितला तर १९,५०० आणि १८,९०० असे दोन घास गेलेले. बँकेचे मेसेज आले होते, पण ते ॲप मला दाखवतच नव्हतं.

खरी चूक मी त्यानंतर केली. मी कुणालाच सांगितलं नाही. २६ वर्षं लोकांचे पैसे सांभाळणारी बाई, आणि स्वतःचेच घालवून बसली, हे बाजारात कळलं तर उद्या मला पिग्मी कोण देईल? ह्यांनाही उठवलं नाही. स्वयंपाकघरात दिवा लावून बसून राहिले आणि सकाळी आठला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. १८,९०० रुपये अजून एका बँकेत पडून होते, ते तिथंच अडकवले गेले आणि सात महिन्यांनी कोर्टाच्या आदेशानं परत मिळाले. १९,५०० मात्र रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी एका एटीएममधून निघून गेले होते. म्हणजे माझ्या हातात दीड तास होता आणि तो मी लाजेत घालवला.

तेव्हापासून मी जे जे करते ते इथं लिहिते. सगळं एका दिवसात होत नाही. मलाच जवळजवळ महिना लागला.

आधी पैसे वर हलवा

आम्ही गावभागात राहतो. इथं कुणाला पाण्याचं गणित शिकवावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. पण आमच्या गल्लीत ४० ची वाट कुणी बघत नाही. ३५ झाले की गव्हाचं पोतं, फ्रिज, कागदपत्रांची पेटी वर जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा 'एवढं येत नसतंय' म्हणत खाली ठेवलेलं सगळं चिखलात गेलं.

ज्या खात्याला मोबाइल जोडलाय ते खातं म्हणजे तळमजला, असं मी आता धरून चालते. तिथं पाणी येणारच, आज नाही तर पुढच्या पावसाळ्यात. म्हणून तिथं १०,००० च्या वर ठेवायचं नाही. भाजी, किराणा, वीजबिल, रिचार्ज एवढंच तिथून. बाकीचे पैसे वरच्या मजल्यावर, म्हणजे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात. त्या खात्याला यूपीआय नाही, डेबिट कार्ड नाही, नेट बँकिंग नाही. बँकेत एकदा अर्ज दिला की दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम वरून खाली आपोआप जाते.

यात एक मेख आहे आणि ती मला उशिरा कळली. एकाच बँकेत, एकाच मोबाइल नंबरावर तुमची दोन खाती असली तर यूपीआय ॲप दोन्ही खाती दाखवतं. मग मजले वेगळे कुठं राहिले? म्हणून दुसरं खातं दुसऱ्या बँकेत, आणि जमलं तर दुसऱ्या नंबरावर. मी वरच्या खात्यासाठी बटणांचा साधा फोन घेतला. त्यात इंटरनेट नाही, व्हॉट्सॲप नाही, मेसेज तेवढे येतात. तो देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात असतो आणि रविवारी चार्ज होतो. फक्त त्याचं रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला देऊन टाकते, आणि मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात.

माझा दादा तासगावला असतो. द्राक्षं आणि बेदाणा. त्याचे वर्षाचे पैसे दोन-तीन हप्त्यांत येतात आणि सगळे एकाच खात्यात, त्यालाच यूपीआय. मी सांगायला गेले तर म्हणाला, "अगं पण एकदम लागले तर?"

"एकदम कशाला लागतील, दादा? औषधवाला चार दिवस थांबत नाही होय तुझ्यासाठी?"

"थांबतोय की," म्हणाला आणि हसला. पण अर्ज द्यायला अजून तीन महिने लावले.

एफडीचं वेगळं. बऱ्याच बँकांच्या ॲपमधून एफडी मोबाइलवरच मोडता येते किंवा तिच्यावर कर्ज काढता येतं. म्हणजे वरच्या मजल्याला बाहेरून जिना लावलेला. शाखेत जाऊन विचारा की ही सोय माझ्या खात्याला आहे का, आणि असली तर बंद करता येते का. साहेब कंटाळतील, कंटाळू देत.

तळमजल्यालाही कडी लावता येते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची बटणं असतात: ऑनलाइन वापर, परदेशातला वापर, टेकवून पेमेंट. रिझर्व्ह बँकेनं ही सोय २०२० पासून सक्तीची केली आहे. परदेशातला वापर बंद. ऑनलाइन वापर एरवी बंद, लागेल तेव्हा पाच मिनिटं चालू. टेकवून केलेल्या पेमेंटला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणजे कार्ड हरवलं तर सापडलेल्याची दिवाळी. तेही मी बंद ठेवलंय. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण लाखाची असते. तुमच्या ॲपमध्ये ती कमी करता येत असेल तर पाच-दहा हजारांवर आणा.

फोन म्हणजे आता पासबुक

प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली कुठलीही फाइल उघडायची नाही. लग्नपत्रिका असो, वाहतुकीचं चलन असो, पीएम किसानची यादी असो किंवा गॅसबिल असो. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. तिच्यासाठी इन्स्टॉल करावं लागत असेल तर ती पत्रिका नव्हे. विशेषतः ओळखीच्या माणसाकडून आली असेल तर जास्त सावध राहा. त्याचा फोन आधीच कुणीतरी घेतलेला असतो आणि त्याच्या नावानं गावभर फाइली जात असतात. मागच्या लग्नसराईत आमच्या भिशीच्या ग्रुपवर अशी पत्रिका आली आणि सहा जणींनी मला विचारलं, "कुणाचं लग्न गं?"

फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे' अशा अर्थाचा पर्याय असतो, तिथं व्हॉट्सॲप आणि क्रोमसमोर नकार करून ठेवा. आणि सगळ्या ॲपांची यादी उघडून एसएमएसची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते बघा. माझ्या फोनमध्ये टॉर्चच्या एका ॲपला एसएमएस वाचायची परवानगी होती. टॉर्चला माझे मेसेज कशाला पाहिजेत?

स्क्रीन दाखवणारी ॲप्स, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर वगैरे, ही कामाची आहेत, चोरांनी बनवलेली नाहीत. पण फोनवरच्या अनोळखी माणसानं ती घ्यायला लावली तर तुमच्या फोनवर चाललेलं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. बँकेला असलं काही कधीच लागत नाही.

कॉल फॉरवर्डिंगची युक्ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. डिलिव्हरीवाला म्हणून कुणीतरी बोलतो आणि स्टार, हॅश आणि एक नंबर असलेला कोड डायल करायला सांगतो. तो दाबला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, मग ओटीपी सांगणारे कॉलही. शंका आली तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा, तिथं अनोळखी संगणक दिसला तर काढून टाका, आणि 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन लावा. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. फोन टेबलावर पडला असला तरी ओटीपी वाचता येतो. सिमलाही पिन लावता येतो, म्हणजे चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते चालत नाही. पण आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायचा पीयूके नंबर कंपनीकडं मागत बसावं लागतं. माझं झालंय, म्हणून सांगते.

संचार साथी नावाची सरकारी सोय आहे, २०२३ पासून. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तिथं दिसतं. आमच्या ह्यांच्या नावावर चार निघाली. दोन कुणाची ते त्यांना आजवर आठवलेलं नाही. ती 'माझी नाहीत' म्हणून कळवून टाकली. हरवलेला फोन बंद पाडायची सोयही तिथंच आहे. त्याला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लागतो. *#०६# डायल केलं की दिसतो. आजच वहीत लिहून ठेवा, फोन चोरीला गेल्यावर तो कुठून बघणार?

पिनबद्दल एकच. मी ज्या दुकानदारांचे फोन हातात घेते त्यातल्या निम्म्यांचा पिन मला न सांगता ओळखता येतो: गाडीचा नंबर, नाही तर मुलाचं जन्मसाल. एकानं तर 'एटीएम काका' या नावानं पिन काँटॅक्टमध्ये ठेवलाय. काका चार आकडी! ईमेलचा पासवर्ड मात्र लांब हवा, कारण बाकीचे पासवर्ड बदलायची चिठ्ठी ईमेलवरच येते. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा, घरात कुणी एका दमात बोलणार नाही असे, आणि तो दुसरीकडे कुठंही वापरू नका. कागदावर लिहून कपाटात ठेवला तरी चालतो. चोर झारखंडात बसलेला असो नाही तर कंबोडियात, तो काही गावभागात येऊन कपाट उघडत नाही.

पिन पैसे जायला लागतो, यायला नाही

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की गणपती पेठेतले मसाल्याचे अण्णा माझी नक्कल करतात. पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, 'ॲक्सेप्ट' दाबावं लागत नाही. जुना सोफा विकायचाय, पलीकडचा म्हणतो मी लष्करात आहे, ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा. स्कॅन करून पिन टाकला की तुमचे गेले. एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआरची वाट उघडीच आहे.

दुकानदारांसाठी दोन गोष्टी. गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तसे चित्र काढून देणारी ॲप्स आहेत. स्पीकर बोलला किंवा बँकेचा मेसेज आला तरच माल द्या. दुसरी गोष्ट, सकाळी शटर उघडल्यावर स्वतःच्या फोननं स्वतःचा क्यूआर स्कॅन करून नाव बघा. आपल्या स्टिकरवर कुणी त्याचा स्वतःचा स्टिकर चिकटवून गेलं तर दिवसभराचा गल्ला त्याच्या खात्यात. मारुती चौकातले भडंगवाले रोज स्वतःला एक रुपया पाठवतात. मी त्याला बोहनी म्हणते.

चुकून पैसे आल्याचा फोन आला तर परत पाठवायची घाई करू नका. आधी बॅलन्स बघा. बहुतेकदा आलेलेच नसतात, बँकेसारखा दिसणारा साधा मेसेज असतो. खरंच आले असले तर बँकेला सांगा, बँक परत करेल. कारण चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून पुढे गेला तर पोलिसांच्या सांगण्यावरून तुमचंच खातं गोठतं. आणि कॉलेजच्या पोरांनो, महिना पाच हजारांसाठी खातं 'वापरायला' देऊ नका. आरोपी म्हणून नाव तुमचं लागतं.

आधारच्या अंगठ्यावर पैसे काढायची सोय खेड्यात फार वापरतात. ज्यांना ती लागत नाही त्यांनी आधारच्या ॲपवर बायोमेट्रिक लॉक करून टाकावं. रेशनला किंवा सिमला लागला तर तात्पुरतं उघडता येतं. झेरॉक्सवाल्याकडं आधार द्यायचा तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

घाबरवणारे आणि घाई करणारे

विश्रामबागेत एक निवृत्त गुरुजी आहेत. रोज साडेपाचला दारात शंभरची नोट घेऊन उभे, माझ्या मशीनच्या आधी त्यांचा हात पुढे. एक दिवस दार उघडलं नाही. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. काकूंनी दार किलकिलं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत गुरुजी बंडीवर टाय लावून मोबाइलसमोर ताठ बसलेले. पडद्यावर खाकीतला माणूस, मागं अशोकस्तंभ. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. सकाळी दहापासून माणूस जेवला नव्हता.

मी आत गेले आणि फोन उचलून बंद केला. गुरुजी माझ्यावर ओरडले, "अहो, आता पकडून नेतील मला!" अर्धा तास पाणी पाजत समजावावं लागलं. डिजिटल अटक नावाची गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे 'पडताळणीसाठी' मागत नाहीत. गुरुजींचे वाचले, कारण त्यांना नेट बँकिंग येत नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडायची वाट बघायचं ठरलं होतं. हुशार माणसंच यात जास्त सापडतात, असं माझं मत झालंय. ज्यानं आयुष्यात कधी नियम मोडला नाही, त्याला नियमाची भीती दाखवणं सोपं जातं.

एक खूण बहुतेक ठिकाणी सारखी: घाई, आणि कुणाला सांगू नका. आज रात्री साडेनऊला वीज तोडणार. आत्ताच्या आत्ता केवायसी करा नाही तर खातं बंद. महावितरण असले मेसेज खासगी मोबाइल नंबरावरून पाठवत नाही. बँकांच्या मेसेजला नाव असतं आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. साधा दहा आकडी नंबर दिसला तर तो बँकेचा मेसेज नव्हे. बँकांच्या वेबसाइटचे पत्तेही आता 'डॉट बँक डॉट इन'नं संपतात. रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. बँकांच्या सेवेचे कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून येऊ लागलेत. तरी पडद्यावर दिसणाऱ्या नंबरावर मी पूर्ण विसंबत नाही. फोन ठेवायचा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरावर आपण उलट फोन करायचा. गूगलवर शोधलेल्या नंबरावर नाही. ते मी करून बसलेय.

'मावशी, मी बोलतोय, नंबर बदललाय, हॉस्पिटलमध्ये आहे' असा फोन आला तर आमच्या घरात एक प्रश्न ठरलाय. २०१९ च्या पुरात आपण कुणाच्या गच्चीवर झोपलो होतो? उत्तर घरच्यांनाच माहीत आहे. आवाज हुबेहूब काढता येतो हल्ली, गच्ची ओळखता येत नाही.

शेअरच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲपवर कुणीतरी तुम्हाला न विचारता ग्रुपमध्ये घेतलं, तिथं सगळे रोज नफ्याचे फोटो टाकतात, ॲपमध्ये तुमचे वीस हजार पन्नास झालेले दिसतात आणि काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा'. तो आकडा म्हणजे नुसतं चित्र. माझ्या फेऱ्यातल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान यातच झालंय, माझ्यासारख्या ५ रुपयांच्या भानगडीत नाही.

झालंच तर

१९३०. बँकेच्या आधी की नंतर, असा घोळ घालू नका. घरात दोन माणसं असली तर एकानं १९३० आणि दुसऱ्यानं बँक. रात्र असली, रविवार असला तरी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात, आणि एटीएमपर्यंत पोचायच्या आत कुठंतरी अडवायचे असतात.

फोन लावताना हाताशी काय हवं: कुठल्या बँकेचं खातं, किती वाजता, किती रुपये, आणि व्यवहाराचा १२ आकडी नंबर. तो यूपीआय ॲपच्या इतिहासात किंवा बँकेच्या मेसेजमध्ये असतो. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी वेबसाइटवर तक्रार पूर्ण करायची. तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. सांगलीत सायबर पोलीस ठाणं आहे, तिथंही जाता येतं.

त्या फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, पण मेसेज, कॉलची यादी, चॅट काही पुसू नका. रागाच्या भरात मी त्या माणसाचं चॅट पुसणार होते, ह्यांनी हात धरला. पुरावा काढून झाल्यावर फोन फॅक्टरी रिसेट करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये नियम आणले, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात. त्यांचं सार असं: चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुणाची आहे, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ दिवस लावले तर थोडा भार तुमच्यावर, साध्या बचत खात्याला १०,००० पर्यंत. पिन किंवा ओटीपी तुम्ही दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून पोच हवी आणि तिच्यावर वेळ हवी. शाखेतले साहेब 'सोमवारी या' म्हणाले तर ईमेल करून ठेवा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८. हे नियम बँकांचे. पतसंस्थेत खातं असेल तर ते लागू होत नाहीत, आणि तिथल्या ठेवींना ५ लाखांचा विमाही नसतो. आमच्याकडं बायका पतसंस्थेलाही 'बँक'च म्हणतात, म्हणून सांगते.

पंधरा दिवसांनी एक 'वकील' फोन करेल, तुमचे पैसे मिळवून देतो, फी आधी. तोच तो असतो, किंवा त्याचा भाऊ.

माझ्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलाय. त्यावर १९३०, दोन्ही बँकांचे नंबर, माझा आणि ह्यांचा आयएमईआय, आणि मिरजेच्या माझ्या बहिणीचा नंबर. बहिणीचा एवढ्यासाठी की रात्री कधीही फोन केला तरी ती आधी 'बोल' म्हणते आणि मग 'एवढं कसं कळलं नाही तुला' म्हणते. तुमच्या कागदावर तसं एक नाव लिहून ठेवा. गुरुजींनी माझंच लिहिलंय.